टेंपररी प्रोफाइल आलं की कंटेनर डिलीट करू नका, आधी ती डिस्क कोणी धरून ठेवलीय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की व्हीडीआय पूलमध्ये (सर्व्हरवर चालणाऱ्या, लांबून वापरायच्या डेस्कटॉपच्या गटात) काही युजरना अधूनमधून सकाळी लॉगिन केल्यावर कोरा डेस्कटॉप येतो, टेंपररी प्रोफाइलचा (साइन आउट केल्यावर पुसल्या जाणाऱ्या तात्पुरत्या सेटिंग आणि फाइलींचा) मेसेज दिसतो, आउटलुक पहिल्यापासून सेटअप मागतं. हेल्पडेस्क त्या युजरचं प्रोफाइल उडवून नवीन करून देतं, चार दिवस बरे जातात आणि परत तेच. एफएसलॉजिक्स (प्रत्येक युजरचं प्रोफाइल एका डिस्क-फाइलमध्ये ठेवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) आहे, कंटेनर, म्हणजे त्या डिस्क-फाइली, विंडोज फाइल सर्व्हरच्या शेअरवर आहेत. बरीच वर्षं हेच काम करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण यात लोकांचं कामाचं नुकसान होतं आणि ते टाळता येतं.

पहिली गोष्ट, आजपासून हेल्पडेस्कला कंटेनर डिलीट करायला बंदी घाला. अगदीच नवीन प्रोफाइल द्यावं लागलं तर जुन्या फोल्डरचं नाव बदलून ठेवायचं, बस. त्यातल्या व्हीएचडीएक्स फाइलमध्ये, म्हणजेच कंटेनरमध्ये, युजरची ईमेलची सही, ब्राउजरचे बुकमार्क, सेव्ह केलेले पासवर्ड, डेस्कटॉपवर टाकलेल्या फाइली सगळं असतं, आणि दहापैकी आठ वेळा ती फाइल ठणठणीत असते, फक्त त्या क्षणी ती मिळाली नाही एवढंच झालेलं असतं. मिळाली नाही आणि खराब झाली यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि प्रोफाइल रीसेट करणारा माणूस नेमका हाच फरक बघत नाही.

आता मुळात होतं काय ते एकदा समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. युजर लॉगिन करतो तेव्हा एफएसलॉजिक्सची सर्व्हिस शेअरवर जाते, युजरचा एसआयडी (विंडोजने अकाउंटला दिलेला ओळख-क्रमांक) आणि युजरनेम जोडून बनलेलं फोल्डर शोधते, त्यातली व्हीएचडीएक्स मशीनला डिस्कसारखी जोडते आणि फिल्टर ड्रायव्हरच्या मदतीने विंडोजला असं दाखवते की हे सगळं सी ड्राइव्हच्या युजर्स फोल्डरमध्येच आहे. मग विंडोजची यूजर प्रोफाइल सर्व्हिस त्यातली एनटीयूजर डॉट डॅट ही रजिस्ट्री हाइव्ह (युजरच्या सेटिंगची फाइल) लोड करते. म्हणजे साखळी अशी: नेटवर्क, शेअर, परमिशन, फाइल उघडणं, डिस्क जोडणं, आतली फाइल सिस्टीम, हाइव्ह. यातली कुठलीही कडी तुटली तरी युजरला दिसतं एकच, कोरा डेस्कटॉप. म्हणून नुसतं स्क्रीन बघून काही कळत नाही, लॉग बघावाच लागतो.

लॉग बघायच्या आधी एक साधा प्रश्न स्वतःला विचारा, हे एकाच युजरला सगळ्या मशीनवर होतंय, का एकाच मशीनवर येणाऱ्या सगळ्यांना होतंय, का सगळ्यांना सगळीकडे. एकच युजर असेल तर त्याच्या कंटेनरमध्ये किंवा त्याच्या परमिशनमध्ये काहीतरी आहे. एकच मशीन असेल तर त्या मशीनवर काहीतरी साचून राहिलंय. सगळ्यांना असेल तर शेअर, डीएनएस, स्टोरेज यांच्याकडे जा आणि प्रोफाइलला हातसुद्धा लावू नका. तुम्ही 'काही युजर, अधूनमधून' म्हणताय, हे वर्णन बहुतेक वेळा लॉकचं, म्हणजे फाइल दुसऱ्या कोणीतरी धरून ठेवल्याचं, असतं, त्यामुळे तिथूनच सुरुवात करू.

ज्या मशीनवर प्रॉब्लेम आला त्याच मशीनच्या सी ड्राइव्हवर प्रोग्रॅमडेटा, त्यात एफएसलॉजिक्स, त्यात लॉग्स, त्यात प्रोफाइल, इथे रोजची एक लॉग फाइल असते. मशीन नॉन-पर्सिस्टंट (रीबूटला मूळ अवस्थेत परत जाणारं) असेल तर रीबूटबरोबर हा लॉगही जातो, म्हणून लॉगची जागा शेअरवर वळवून ठेवा, नाहीतर दरवेळी पुरावाच नसतो. त्या फाइलमध्ये युजरचं नाव शोधा आणि त्या वेळेच्या आसपास एरर शब्दापुढे आठ आकडी कोड दिसेल तो बघा. कोड हेक्समध्ये असतो. शेवटी २० असेल तर फाइल दुसरं कोणीतरी वापरतंय. शेवटी फक्त ५ असेल तर ॲक्सेस डिनाइड. ३५ असेल तर नेटवर्क पाथच सापडला नाही. ७० असेल तर जागा संपली. लक्षात राहत नसेल तर कोड दशमानात करून कमांड प्रॉम्प्टवर नेट हेल्पएमएसजी आणि पुढे आकडा टाका, हेक्स २० म्हणजे ३२, विंडोज स्वतःच अर्थ सांगतं. याशिवाय रजिस्ट्रीत एचकेएलएमच्या सॉफ्टवेअरखाली एफएसलॉजिक्स, प्रोफाइल्स, सेशन्स इथे त्या युजरच्या एसआयडीची की असते, तिथे स्टेटस, रीझन आणि एरर अशा तीन व्हॅल्यू असतात. स्टेटस शून्य म्हणजे सगळं व्यवस्थित लागलं. शून्य नसेल तर अडलं कुठे ते तिथेच कळतं.

आमच्याकडची एक केस सांगतो. एक युजर, दर सोमवारी सकाळी कोरा डेस्कटॉप, मंगळवारी बरोबर. तीन वेळा प्रोफाइल रीसेट झालं होतं माझ्याकडे येईपर्यंत. लॉगमध्ये शेवटी २०चा कोड, आणि तोच एकामागून एक बारा वेळा, मध्ये पाच-पाच सेकंद. लॉक असेल तर एफएसलॉजिक्स डिफॉल्टने बारा वेळा पाच सेकंदांच्या अंतराने प्रयत्न करतं, म्हणजे युजर पूर्ण एक मिनिट 'प्लीज वेट'च्या स्क्रीनकडे बघत बसतो आणि मग हार मानून त्याला कंटेनरशिवाय आत सोडलं जातं. मी सोमवारी लवकर येऊन फाइल सर्व्हरवर पॉवरशेल उघडून बसलो. गेट-एसएमबीओपनफाइल (शेअरवरच्या उघड्या फाइली दाखवणारी कमांड) चालवलं, आउटपुटमधून त्या युजरच्या व्हीएचडीएक्सची ओळ काढली आणि क्लायंट कॉम्प्युटर नेमच्या कॉलममध्ये बघितलं. तिथे आमच्या कुठल्याच व्हीडीआय मशीनचा आयपी नव्हता, बॅकअप घेणाऱ्या मशीनचा होता. वीकेंडचा फुल बॅकअप शेअरमधून एकेक फाइल उघडून वाचत होता आणि या युजरचा कंटेनर फुगून मोठा झालेला असल्यामुळे बॅकअप त्याच्यापर्यंत पोचून वाचत बसायचा तोपर्यंत ऑफिस सुरू व्हायचं. बाकीचे उशिरा यायचे म्हणून त्यांना कधी लागलं नाही. बॅकअप स्नॅपशॉटवरून (डिस्कच्या त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रतीवरून) घ्यायला लावला, विषय संपला. प्रोफाइलमध्ये पहिल्यापासून काहीच बिघडलेलं नव्हतं, पण रीसेटच्या नादात त्या माणसाच्या आउटलुकच्या सह्या आणि बरंच काही तीनदा गेलं होतं.

फाइल धरून ठेवणारे नेहमीचे गडी साधारण हेच: बॅकअप, अँटीव्हायरस, आणि युजरचंच दुसरं सेशन. अँटीव्हायरसमध्ये व्हीएचडी आणि व्हीएचडीएक्स एक्सटेन्शनची एक्सक्लूजन व्हीडीआय मशीनवर असतात पण फाइल सर्व्हरवर टाकायची राहतात, दोन्हीकडे तपासा. दुसऱ्या सेशनचं म्हणाल तर युजर संध्याकाळी विंडो बंद करून जातो, साइन आउट करत नाही, सेशन डिस्कनेक्टेड अवस्थेत तसंच पडून राहतं, सकाळी ब्रोकर (युजरला कुठलं मशीन द्यायचं ते ठरवणारा सर्व्हर) त्याला दुसऱ्या मशीनवर किंवा दुसऱ्या पूलमध्ये पाठवतो आणि डिस्क पहिल्याच मशीनने धरलेली असते. डिस्कनेक्टेड सेशन ठराविक तासांनी लॉगऑफ होईल अशी पॉलिसी लावा. आणि एकाच युजरला दोन पूल देणार असाल तर तसं डिझाइन आधी करावं लागतं. एफएसलॉजिक्समध्ये प्रोफाइलटाइप नावाचं सेटिंग त्यासाठीच आहे, पण त्यात एक सेशन लिहू शकतं आणि बाकीची फक्त वाचतात, त्यांचे बदल टिकत नाहीत, हे युजरला स्पष्ट सांगितलेलं असलं पाहिजे.

कधी मशीन हँग होतं किंवा होस्टवरून जबरदस्तीने बंद केलं जातं आणि फाइल सर्व्हरवर त्याचं उघडं हँडल (फाइल वापरात असल्याची नोंद) तसंच राहतं. तेव्हा क्लोज-एसएमबीओपनफाइलने हँडल सोडवता येतं, पण कळकळीने सांगतो, आधी त्या मशीनवर क्वेरी युजर चालवून खात्री करा की खरंच तिथे कोणाचं सेशन नाहीये. चालू सेशनच्या अंगाखालून डिस्क ओढली तर आतली एनटीएफएस फाइल सिस्टीम अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत राहते आणि मग मात्र जी फाइल नुसती अडकली होती ती खरोखर खराब होते.

आता तुमच्या 'चार दिवस बरं आणि परत तेच'बद्दल. याचं एक कारण लोकांच्या लक्षातच येत नाही. लॉक सुटला नाही की एफएसलॉजिक्स डिफॉल्टने युजरला अडवत नाही, विंडोज त्याच मशीनवर त्याच्यासाठी साधं लोकल प्रोफाइल बनवून देतं. मशीन पर्सिस्टंट असेल, किंवा सेशन होस्ट (एकाच वेळी अनेक युजर घेणारा सर्व्हर) असेल जो आठवडाभर रीबूट होत नाही, तर ते लोकल प्रोफाइल तिथेच राहतं. पुढच्या वेळी हा युजर त्याच मशीनवर गेला की एफएसलॉजिक्सला लोकल प्रोफाइल आधीच दिसतं आणि ते कंटेनर लावतच नाही. म्हणजे लॉक एकदाच झाला होता पण त्याचा परिणाम त्या मशीनला चिकटून बसला. ब्रोकर दुसऱ्या मशीनवर पाठवतो तोपर्यंत सगळं छान, या मशीनवर आला की कोरा डेस्कटॉप. हेल्पडेस्क शेअरवरचा कंटेनर उडवतं ज्याचा यात काहीच दोष नव्हता, आणि दोषी लोकल प्रोफाइल जागच्या जागी.

त्यामुळे प्रत्येक मशीनवर सी ड्राइव्हच्या युजर्स फोल्डरमध्ये जाऊन बघा, युजरच्या नावाचं खरं फोल्डर पडलंय का, नावापुढे डोमेन किंवा शून्य शून्य शून्य लागलेलं काही आहे का, टेंप नावाचं आहे का. त्याचबरोबर रजिस्ट्रीत विंडोज एनटी, करंटव्हर्जनखाली प्रोफाइललिस्ट बघा, एसआयडीच्या शेवटी डॉट बॅक लागलेली की दिसली तर विंडोजने आधीची नोंद बाजूला सारून टेंपररी प्रोफाइल दिलेलं आहे. इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये यूजर प्रोफाइल सर्व्हिसचे १५११ आणि १५१५ हे इव्हेंट तेच सांगतात, १५११ म्हणजे लोकल प्रोफाइल मिळालं नाही म्हणून टेंपररी दिलं आणि १५१५ म्हणजे जुन्याचा बॅकअप करून ठेवला. १५०८ आला तर हाइव्हच लोड होत नाहीये, तो वेगळा विषय, खाली लिहितो. साफसफाईसाठी डिलीटलोकलप्रोफाइलव्हेनव्हीएचडीशुडअप्लाय असं लांबलचक नावाचं सेटिंग आहे, ते १ केलं की कंटेनर लागायच्या वेळी लोकल प्रोफाइल आपोआप उडतं. चांगलं सेटिंग आहे, पण लावायच्या आधी त्या लोकल फोल्डरांमध्ये युजरने काही सेव्ह केलंय का ते बघून बाजूला काढा, कारण ते कायमचं जातं.

याच संदर्भात आणखी दोन सेटिंग मी प्रत्येक ठिकाणी लावतोच, प्रिव्हेंटलॉगिनविथफेल्युअर आणि प्रिव्हेंटलॉगिनविथटेंपप्रोफाइल, दोन्ही १. यांनी काय होतं की कंटेनर लागला नाही तर युजरला आत सोडतच नाही, एक मेसेज दाखवून फक्त साइन आउटचा पर्याय देतं. मॅनेजरलोक आधी कुरकुर करतात की माणूस बसून राहील. पण मी एका अकाउंट्सवाल्या बाईंना बघितलंय, वर्षअखेरीची कामं चालू होती, टेंपररी प्रोफाइल आलं होतं, त्यांना वाटलं आयटीने काहीतरी बदललंय म्हणून त्यांनी निमूटपणे दिवसभर काम केलं, सगळ्या शीट डेस्कटॉपवर सेव्ह केल्या आणि संध्याकाळी साइन आउट केल्याबरोबर ते फोल्डर पुसलं गेलं. आम्ही सगळीकडे शोधलं, काहीही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं परत केलं. दहा मिनिटं लॉगिन अडलेलं परवडतं, माणसाचा अख्खा दिवस मातीत गेलेला नाही परवडत, म्हणून ही दोन सेटिंग लावाच.

कोड ७० असेल तर जागेचा प्रश्न, आणि त्यात दोन जागा असतात. एक शेअरची आणि एक कंटेनरच्या आतली. कंटेनरची कमाल साइज डिफॉल्टने ३०००० एमबी असते, साधारण ३० जीबी धरा. आउटलुकची ओएसटी (मेलची लोकल प्रत), टीम्सचा कॅशे, वनड्राइव्हने खाली उतरवलेल्या फाइली, ब्राउजरचा कॅशे, एवढ्यात ती भरते. आतून भरलेल्या डिस्कची लक्षणं विचित्र असतात, लॉगिन होतं पण सेटिंग सेव्ह होत नाहीत, आउटलुक मध्येच बंद पडतं, कोणाला वाटतच नाही की प्रोफाइलचा संबंध असेल. साइजइनएमबीज वाढवलं की पुढच्या लॉगिनला डिस्क मोठी होते, कमी मात्र होत नाही. डायनॅमिक (लागेल तशी वाढणारी) डिस्क असली तरी आतलं डिलीट केलं म्हणून बाहेरची फाइल लगेच आकसत नाही. २२१० व्हर्जनपासून साइन आउटच्या वेळी डिस्क कॉम्पॅक्ट करायची सोय आलीय, जुन्या व्हर्जनवर असाल तर अपडेट करा. रीडायरेक्शन्स एक्सएमएल या सेटिंग फाइलने कॅशे फोल्डर कंटेनरबाहेर ठेवता येतात पण तिथे हात आखडता ठेवा, इंटरनेटवरून कॉपी केलेली भलीमोठी एक्सएमएल टाकून लोकांनी ॲप बंद पाडलेली मी खूप बघितलीत. दोन-चार मोठे कॅशे बाहेर काढा, पुरे.

कोड ५ म्हणजे परमिशन. शेअरच्या मुळाशी युजरना मॉडिफाय, पण 'फक्त हे फोल्डर' एवढ्यावरच, आणि क्रिएटर ओनरला मॉडिफाय 'सबफोल्डर आणि फाइली'वर, ॲडमिनला फुल कंट्रोल, असं असलं पाहिजे. हे बिघडतं ते बहुतेक वेळा स्टोरेज बदलताना, कोणीतरी ॲडमिनच्या अकाउंटने फोल्डर कॉपी केलेले असतात आणि सगळ्या कंटेनरचा ओनर ॲडमिन होऊन बसतो, मग क्रिएटर ओनरचा हक्क युजरला मिळतच नाही. कॉपी करताना रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी कमांडला परमिशन आणि ओनरसकट कॉपी करायला सांगा.

एरर काहीच नाही, स्टेटस शून्य, तरी युजर म्हणतो माझं सगळं गेलं, असंही होतं. तेव्हा शेअरवर त्याच्या नावाची दोन फोल्डर आहेत का बघा. फोल्डरच्या नावात एसआयडी आणि युजरनेम दोन्ही असल्यामुळे एडीमध्ये (ॲक्टिव्ह डिरेक्टरी, कंपनीच्या अकाउंटची नोंदवही) अकाउंट डिलीट करून परत बनवलं किंवा लॉगिन नेम बदललं की एफएसलॉजिक्सला जुनं फोल्डर त्याचं वाटत नाही आणि ते नवं कोरं करून देतं. दोन पूलना दोन वेगवेगळ्या ग्रुप पॉलिसीतून वेगवेगळा पाथ जात असेल तरी हेच. जुन्या रोमिंग प्रोफाइलवाल्यांकडे (लॉगिनला प्रोफाइल शेअरवरून कॉपी होण्याची पद्धत) याचाच भाऊ म्हणजे व्हर्जनचं शेपूट, सर्व्हर २०१२ आर२ वर डॉट व्ही४ आणि २०१६ पासून डॉट व्ही६, त्यामुळे सर्व्हर बदलला की फोल्डर बदलतं आणि लोकांना वाटतं प्रोफाइल उडालं. आणि हो, मशीनवर एफएसलॉजिक्स प्रोफाइल एक्सक्लूड लिस्ट नावाचा लोकल ग्रुप असतो, कोणी टेस्टिंगसाठी त्यात एखादा डोमेन ग्रुप टाकून विसरला असेल तर त्यातल्या सगळ्यांना कंटेनर लागतच नाही, हे पण बघून घ्या.

खरोखर खराब झालेला कंटेनर ओळखायचा तर सिस्टीम लॉगमध्ये एनटीएफएसचा ५५ नंबरचा इव्हेंट शोधा, किंवा वर म्हटलेला १५०८. तेव्हा सगळ्यात आधी व्हीएचडीएक्सची कॉपी काढा, कॉपी काढल्याशिवाय काहीही करू नका. मग वेगळ्या मशीनवर ती कॉपी डिस्क मॅनेजमेंटमधून अटॅच करा, चेकडिस्क स्लॅश एफ चालवा, त्यानंतर रजिस्ट्री एडिटरमधून आतली एनटीयूजर डॉट डॅट लोड होते का बघा. झाली तर अनलोड करायला विसरू नका, लोड करून तशीच सोडली की डिस्क डिटॅच होत नाही आणि आपणच नवीन लॉक तयार करतो. हाइव्ह उघडत नसेल तर नवा कंटेनर द्या आणि जुन्यातून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, आउटलुकच्या सह्या, ब्राउजरचे बुकमार्क हाताने उचलून टाका. ॲपडेटा अख्खं उचलून टाकू नका. सेव्ह केलेले पासवर्ड मात्र बहुतेक परत टाकावे लागतात, युजरला आधीच सांगून ठेवा.

एक शेवटचं, प्रोफाइलचं म्हणून येतं पण कंटेनरमध्ये नसतं. सर्व्हर २०१६ किंवा २०१९ वर अनेक युजर येत असतील आणि लॉगिन दिवसेंदिवस हळू होत असेल, काळी स्क्रीन, स्टार्ट मेनू उघडत नाही, तर फायरवॉलचे नियम मोजा. प्रत्येक युजर लॉगिन करतो तेव्हा स्टोअरच्या ॲपसाठी मशीनच्या रजिस्ट्रीत नवीन नियम लिहिले जातात आणि साइन आउटनंतर ते निघत नाहीत, हजारोंनी साचतात. शेअर्डॲक्सेसच्या पॅरामीटर्समध्ये फायरवॉलपॉलिसीखाली डिलीटयूजरॲपकंटेनर्सऑनलॉगऑफ ही व्हॅल्यू १ करा, आणि आधी साचलेले नियम वेगळे साफ करा कारण ती व्हॅल्यू जुनं काढत नाही.

तुमच्या केसमध्ये मला वाटतं लॉक आणि त्यामागून चिकटलेलं लोकल प्रोफाइल असं दुहेरी प्रकरण आहे. पुढच्या वेळी झालं की त्या मशीनचा त्या दिवसाचा प्रोफाइल लॉग, त्याच वेळचं गेट-एसएमबीओपनफाइलचं आउटपुट आणि त्या मशीनच्या युजर्स फोल्डरची यादी, एवढं युजरला साइन आउट करायला लावायच्या आधी काढून ठेवा. युजरची आणि सर्व्हरची नावं झाकून इथे टाका, एकत्र बसून बघू.